पंखाखालच्या अक्षता

विमान उडवायलाही मुहूर्त लागतो, हे मला विमान शिकवणाऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं शेवगावच्या अलीकडे, एका ठेकेदाराच्या मुरमाच्या धावपट्टीवर.

नव्वदीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. रस्त्यांची कामं घेऊन मोठा झालेला हा माणूस. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायची. त्यांनी कुणाचं तरी वापरलेलं चार जणांचं विमान घेतलं आणि स्वतःच्याच रानात रोलर फिरवून पट्टी करून घेतली. चालवायला पुण्याहून एक निवृत्त कॅप्टन येत. माझं शिकाऊपण नुकतं संपलं होतं, पुढच्या परवान्यासाठी उड्डाणाचे तास हवे होते, म्हणून मी सावेडीहून तिसगावमार्गे एसटीनं यायची आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची. कॅप्टनसाहेबांचा हात सोन्याचा होता, कान मात्र दगडाचे.

त्या दिवशी दसरा होता. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई पांढरी साडी नेसून विहारात जायला निघाली होती आणि मी विमानाकडे. "तू तिथं पूजेला उभी राहणार का?" तिनं दारात विचारलं. मी म्हटलं, मी पूजेला नाही, ड्यूटीला चाललेय. तिनं चप्पल पायात सरकवली आणि मागं न बघता विहाराच्या वाटेला लागली.

सकाळी कॅप्टननी आणि मी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं. तेल, पेट्रोल, चाकं, पंखांच्या हलत्या फळ्या. डाव्या पंखाखाली बोटभर धातूची नळी लोंबते, तिचं तोंडही मी डोळा लावून पाहिलं. समोरचा वारा त्या नळीत शिरतो आणि त्यावर वेगाचा काटा हलतो. सगळं चोख होतं.

मग पूजा झाली. ट्रॅक्टर काय, जेसीबी काय, दसऱ्याला सगळ्यांची होते, तर विमानानं काय घोडं मारलंय? नाकावर स्वस्तिक, पंख्याला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. दादांची म्हातारी आत्या सगळ्यात मन लावून करत होती. तिनं विमानाला एक प्रदक्षिणा घातली आणि जिथं काही बाहेर आलेलं दिसेल तिथं ओली हळद, कुंकू आणि अक्षता लावत गेली. मी लांब उभी होते. डाव्या पंखाखाली ती वाकली, तेव्हा तिचे शब्द तेवढे ऐकू आले. "ह्ये बारकं तसंच ऱ्हायलं हुतं की."

मला शिकवणारे एक वाक्य सारखं म्हणत: तपासल्यावर कुणाचा हात लागला, की तपासलंच नाही असं समजायचं.

पण तोवर दादा आणि वहिनी मागच्या सीटवर बसलेही होते. त्या विमानाला दार एकच, तेही उजव्या बाजूला. मागचे आधी, मग कॅप्टन, आणि सगळ्यात शेवटी मी. म्हणजे दाराची कडी माझ्या हातात होती, आणि तरी बाहेर पडायची सोय मलाच नव्हती.

"सर, डाव्या पंखाखाली एकदा बघून येऊ का?" मी हळूच विचारलं.

"सकाळी बघितलंय ना. बस."

"त्यानंतर हात लागलाय, सर."

मागून दादांनी विचारलं, "काय म्हणत्यात मॅडम?"

कॅप्टन हसले. "काही नाही हो. पूजेचं जरा... त्यांच्यात चालत नाही ना."

मी हे असं म्हटलं नव्हतं. पण आता ते म्हटल्यासारखंच झालं होतं. वहिनी समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "आसू द्या, ताई. तुमी नका मानू. आमचं आमी मानतो." त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि म्हणूनच मला काही बोलता येईना. नळीत हळद गेली असेल म्हणावं, तर ते आत्याच्या कुंकवावर बोट. नुसतं "पुसून येते" म्हणावं, तर तेच, आणि वर अपशकुन. आणि गप्प बसावं तर जीव माझाही त्याच डब्यात. त्या क्षणी मला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता. एका पायलटनं एक साधी तांत्रिक गोष्ट विचारली होती. तिला उत्तर मिळालं होतं तिच्या घराण्यावरून.

"मुहूर्त टळतोय," दादा म्हणाले. मी दार ओढून घेतलं.

आत उदबत्तीचा वास कोंडला होता. पंख्याचा हार कुणीतरी काढून घेतला, इंजिन सुरू झालं, लिंबं चिरडली, बाहेर टाळ्या पडल्या. आम्ही धावायला लागलो. वेगाचा काटा हलला की मी मोठ्यानं सांगायचं, अशी आमची पद्धत. काटा शून्यावर होता.

"सर, स्पीड नाही."

"येईल."

"सर, स्पीड नाही. थांबवा."

त्यांनी काट्याकडे पाहिलं तेव्हा पट्टी संपत आली होती आणि पुढे बांध दिसत होता. आता थांबणं जास्त वाईट. त्यांनी विमान उचललं.

आणि गंमत बघा, वर जाताच काटा हलायला लागला. भराभर चढू लागला. "बघ, आला," कॅप्टन म्हणाले. वेग फार झालाय असं वाटून त्यांनी नाक आणखी वर घेतलं.

तोंड बुजलेल्या नळीची हीच खोड. तिच्यात खालची हवा अडकून राहते. विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि काटा उंचीवर फिरतो, वेगावर नाही. हे मी वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. खरा वेग कमी होत होता. विमान सैल पडून डोलायला लागलं होतं, आणि पडण्याआधी लागतो तो लाल दिवा एकदा लुकलुकला.

"काट्याकडे बघू नका. तो खोटा आहे," मी ओरडलेच. "नाक खाली घ्या."

दगडाचे कान त्या वेळी ऐकते झाले. त्यांनी नाक खाली घेतलं. त्यांच्या कानामागून घाम उतरत होता. मागे वहिनी दादांना विचारत होत्या, आपलं घर कुठलं, आणि दादा काचेला बोट लावून दाखवत होते.

एक फेरी मारून आम्ही परत आलो. तेवढ्या वेळात कॅप्टन एकदाच बोलले. "तुला वेग किती वाटतोय?" मी इंजिनाच्या आवाजावरून अंदाज सांगितला. त्यांनी मान डोलावली. उतरताना आम्ही जरा वेगातच होतो. चाकं उशिरा टेकली, मुरूम उडाला आणि विमान बांधाजवळ येऊन थांबलं. मी दार उघडलं आणि पंखावरून उडी मारली.

डाव्या पंखाखाली हळदीचा लपका वाळून घट्ट झाला होता. नळीच्या तोंडात तांदळाचे दाणे बसले होते. मी नखानं टोकरून एक बाहेर काढला. कॅप्टन मागून आले आणि रुमालानं नळी पुसू लागले. "इंजिन जरा गरम झालं म्हणून आलो परत," ते दादांना म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "इंजिनाला काही झालं नाही," मी म्हणाले. "ह्या नळीत अक्षता गेल्यात. त्यामुळं वेग कळत नव्हता. आपण पडलो असतो."

दादांचा चेहरा उतरला. "म्हंजे आत्याची पूजा नडली म्हणता?"

पूजेला जमलेली माणसं जवळ सरकली. ज्याला भिऊन मी आत गप्प बसले होते तेच आता उघड्यावर आलं होतं. आत्या पुढं आली. तिनं माझ्या तळहातावरचा पिवळा दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"ह्येच्यानं?"

"हो, आजी."

"मंग बसायच्या आधी का न्हाई सांगितलंस?"

"साहेबांना सांगितलं होतं."

"मला का न्हाई? लावलं मी हुतं."

कॅप्टन दुसरीकडे बघू लागले. मी म्हटलं, "तुम्हाला वाटलं असतं, ह्या पोरीला आमचं कुंकू नकोय."

मला वाटलं, आता ती म्हणेल, छे गं, तसं कसं वाटंल. सगळे तेच म्हणतात.

"व्हय," ती म्हणाली. "वाटलं आसतं."

मग पदराचं टोक ओलं करून ती पंखाखाली वाकली, आणि उरलेली हळद पुसता पुसता म्हणाली, "पर पुसलं आसतं."