'खरं'च्या पुढचं वाक्य

आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी कुणाचं म्हणणं पूर्ण मान्य केल्याचं मला आठवत नाही, आणि कुणाचं पूर्ण खोडून काढल्याचंही आठवत नाही. समोरचा कोणत्याही झेंड्याचा असो, त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, "तुझं बरोबर हाय, खरं..." मग चहाचा एक घोट. मग उरलेलं वाक्य. कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. 'येतो म्हणला, खरं आला न्हाय,' असं आम्ही सर्रास बोलतो. सरांच्या तोंडी तो शब्द इतका, की पोरांनी त्यांचं नावच 'खरंसर' पाडलं होतं.

एका निवडणुकीत पुण्याचा एक तरुण वक्ता त्यांना भेटायला आला. बाजार मोकळा सोडला की गरिबी आपोआप हटते, हे त्याने अर्धा तास समजावलं. सर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, खरं..." आणि त्यांनी कप उचलला. तेवढ्यात वक्ता हात जोडून, आभार मानून निघूनही गेला. संध्याकाळी त्याने सभेत जाहीर केलं, की इथल्या ज्येष्ठ शिक्षकांनाही आमचं म्हणणं खरं वाटतं. सर पुढच्याच रांगेत होते. पोट धरून हसत म्हणाले, "निम्मंच वाक्य घेऊन गेला की पावणा!"

रविवारी सकाळी त्यांच्या कळंब्याच्या घरी जुने विद्यार्थी जमत. लाल, भगवे, निळे, सगळे एकाच सतरंजीवर. साम्यवादी पोराला सर म्हणत, "समता पायजेच, खरं सगळ्यांस्नी एकाच मापाची चप्पल दिलीस तर निम्मं गाव लंगडंल." माझा मोठा भाऊ राष्ट्रवादाने पेटलेला असे. त्याला म्हणत, "देशावर प्रेम पायजे, खरं देशात शेजारचा बी आला की." व्यक्तिस्वातंत्र्यावर मी भाषण ठोकलं, की मलाही सोडत नसत. "स्वातंत्र्य हवंच सुमे, खरं शेजारी आजारी पडला तर दार कोण वाजवणार?"

दादाने एकदा चिडून विचारलं, "सर, तुम्ही कायम कुंपणावरच का?" सरांना त्या दिवशी मी पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. "मी मत देत न्हाय व्हय? दर खेपेला देतोय की! खरं मत दिलं म्हणून डोकं बी देऊन टाकायचं व्हय?"

आम्ही दोघांनी मात्र ते कधीच देऊन टाकलं होतं. एका दिवाळीत फराळाच्या ताटावरच आमची जुंपली. तुम्ही लोक देश विकाल, असं तो म्हणाला. तुम्ही लोक घरंदारं पेटवाल, असं मी म्हणाले. दादा घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला, गडहिंग्लजला निघून गेला, आणि भाऊबीज राहून गेली. पुढच्या वर्षीही राहिली. सख्खा एकच भाऊ, आणि त्याची ख्यालीखुशाली मला वहिनीकडून कळायची. फार वाईट वाटायचं, खरं माघार कोण घेणार?

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, तो कुठला हे सांगायला नकोच. बाहेरगावचे पाहुणे म्हणत, "लवकर बरे व्हाल." सर म्हणत, "खरं..." पाहुण्यांना बरं वाटे. काकू, सरांच्या पत्नी, तोंड फिरवून स्वयंपाकघरात जात.

मी भेटायला गेले तेव्हा दादा आधीच खाटेशेजारी बसलेला. मी दुसऱ्या बाजूला बसले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सरांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं, चांगल्या हाताने दादाचा हात धरला आणि म्हणाले, "खरं..."

जुन्या सवयीने आम्ही दोघंही थांबलो. काकूंनी बशीतून चहा पाजला. घोट घेऊन झाला, पुढचं वाक्य आलं नाही. सरांचे डोळे भरून आले.

दादा खाली बघत म्हणाला, "खरं सुमीचं म्हणणं असं हाय सर, की देश म्हंजे आधी त्यातली माणसं. घाबरलेल्या माणसाला झेंडा दाखवून भागत न्हाय." माझं म्हणणं मलाही कधी इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

सर माझ्याकडे वळले, त्याच हाताने माझा हात ओढून दादाच्या हातावर ठेवला. "खरं..."

मी म्हणाले, "खरं दादाचं असं हाय, की माणसाला आपलं म्हणावं असं कायतरी मोठं लागतंय. न्हायतर तो एकटा पडतोय."

सरांनी डोळे मिटले. त्या एका हातात मात्र दोघांचेही हात धरून ठेवले.

पावसाळा सरता सरता सर गेले. आमची मतं होती तिथेच आहेत. या भाऊबीजेला दादा आला आणि पाटावर बसल्या बसल्या आमचं पुन्हा सुरू झालं. माझं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुझं बरोबर हाय सुमे, खरं..." आणि त्याने शेजारचा कप उचलला.

मी निरांजनाला हाताचा आडोसा धरून थांबले.