दोन बोटांचं नाचगाणं

“मॅडम, ही दोन बोटं ऐकतच नाय. क्लास बंद करते मी.” वैशालीताईंनी उजवा हात डिजिटल पियानोवरून उचलला.

ताई सायखेड्याच्या, घरची फुलशेती. नाशिकच्या बाजारात झेंडू उतरवून थेट मी शिकवते त्या क्लासला यायच्या. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात सापडल्यापासून त्यांची करंगळी आणि अनामिका ताठ राहिली होती. डॉक्टरांनी व्यायाम म्हणून पियानो सुचवला आणि त्यांना त्याची गोडीच लागली. आता मात्र पाचही बोटांचे धडे आले होते.

क्लासचे मालक म्हणाले, “त्यांना गाण्याच्या बॅचला टाका. अ‍ॅन्युअल प्रोग्रॅम जवळ आलाय.”

“सर, थोडं थांबा.”

मला कॉलेजातल्या आमच्या पियानोच्या बाई आठवल्या. चारेकशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश संगीत त्या फार आवडीने शिकवायच्या. ते व्हर्जिनल नावाच्या छोट्या वाद्यासाठी लिहिलेलं. पट्टी दाबली की आत तार छेडली जाते, सतारीसारखी. त्या काळी सूर चढताना बरेचदा दोनच बोटं आलटूनपालटून चालवत, असं बाई सांगायच्या.

मी त्यातलं एक सोपं नाचगाणं काढलं. पियानोचा आवाज हार्पसिकॉर्डवर टाकला. ते व्हर्जिनलच्याच घराण्यातलं वाद्य. टचचं सेटिंग बंद केलं. मग पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. उजव्या हाताला झेपत नव्हते ते सूर डाव्याकडे दिले.

“ताई, तर्जनी आणि मधलं बोट. एकावरून दुसरं टाका.”

सुरुवातीला बोटं एकमेकांत अडकली. मग ओळ सरळ चालली. ताई हसल्या. “लय हलकं हाय हे!”

प्रोग्रॅमच्या दिवशी मध्येच त्या चुकल्या, थांबल्या. ताईंनी पदराला बोटं पुसली, ओळ पुन्हा धरली आणि शेवटापर्यंत नेली. टाळ्या आधी सरांनीच सुरू केल्या.

खाली उतरल्यावर ताईंनी विचारलं, “ज्यांनी हे लिहिलं, त्यांना कळवता येईल का?”

“ते कधीच गेले, ताई.”

“मग तुम्हाला ज्यांनी शिकवलं, त्या बाईंना तरी कळवा.”

मी तिथूनच फोन लावला. बाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाल्या, “फोन त्यांच्याकडे दे.”

तेव्हापासून विद्यार्थ्याला नाही म्हणण्याआधी मी पियानोची सगळी सेटिंग्ज बघते.