शेटनं मारलेला काटा

काटा मारण्यात शेटचा हात धरणारा अजून जन्मायचा होता. सारा जन्म किराणा दुकानात गेला. गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता करंगळी पारड्याला कधी टेकायची, ते पारड्यालासुद्धा कळत नसे. अशा या कलावंताची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याला दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडायला लागले.

नर्सनं बजावलं होतं, "लघवी होत नाही, म्हणजे प्याल ते अंगातच राहणार. वजन जितकं वाढलेलं दिसेल, तितकं पाणी यंत्र काढेल. फार साचलं तर फुफ्फुसात चढेल आणि कोरड्या खाटेवर बुडाल."

पण घर पडलं मायाळू, म्हणजे बिनडोक. बायको "अर्धाच" म्हणून चहा द्यायची, बहीण "घोटभर" म्हणून सरबत. मेव्हणा तर सोड्याची बाटली कोटात लपवून आणायचा. जो तो थोडंच पाजायचा. बेरीज करायला मात्र कुणाला सवड नव्हती.

वजन फुगलं की नर्स झाडायची. मग शेटनं जुनी विद्या बाहेर काढली. तो वजनाला उभा राहिला की थोरला मुलगा "बाबांना चक्कर येते" म्हणत काखेत हात घालायचा आणि अलगद वर उचलून धरायचा. आकडा उतरायचा. यंत्र बिचारं तितकंच कमी पाणी काढायचं. बापलेक बाहेर येऊन टाळ्या देत हसायचे. आपण काटा कुणाला मारतोय, एवढं समजायला लागणारी अक्कल त्या दुकानात विकायला नव्हती.

एका दुपारी शेटला आडवंच होता येईना. छातीत बुडबुडे वाजू लागले. उचलून दवाखान्यात नेलं, आणि वजनाला उभं करताच त्या दिवट्यानं पुन्हा काखेत हात घातला.

"हात काढा," बरोबर आलेली सून नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पडतील ते."

"पडले तर माझ्यावर पडतील. मी उभी आहे पुढे. काढा हात."

हात निघाला. आकडा टुणकन वर गेला. नर्सनं मुलाकडं असं पाहिलं की तो स्वतःच्या चपला न्याहाळू लागला. शेट धापा टाकत म्हणाला, "तुमचा... काटाच... बिघडलाय."

पाणी निघालं, शेट वाचला. आता वजनाला सून बरोबर जाते आणि घरी कप-पेले तीच मोजते. तिचे आभार? छे. "सून कैदाशीण आहे हो, घोटाघोटाला तरसवते मला," असं शेट येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत आवाजात, एकदाही दम न लागता, ऐकवत असतो. आणि पाहुणे भरल्या कपातून चहा ओरपत माना डोलावतात.