साक्षीभाव

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी ध्यानाचा वर्ग भरतो. आज मागच्या सतरंजीवर वैशाली येऊन बसली, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून. तिचं घर बरोबर हॉलच्या वर आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही ध्यानाला बसलो असताना वरून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नवऱ्याचा, मग तिचं ओरडणं. कुणीतरी चुळबुळलं. "आवाज येतोय, येऊ द्या," सर म्हणाले. "त्यात गुंतू नका. साक्षीभावानं नुसतं बघा." आम्ही गुंतलो नाही. पाठ ताठ ठेवून बसून राहिलो. निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज ध्यान काय छान लागलं, नाही?" मी मान डोलावली.

अलिप्तता, समत्व, स्थितप्रज्ञता. भित्र्या माणसाला यांच्याइतकं उबदार पांघरूण दुसरं नाही. एक जिना तर चढायचा होता!

"डोळे मिटा," सर म्हणाले. सगळ्यांनी मिटले. मला राहवेना, मी किलकिल्या डोळ्यांनी मागे पाहिलं. वैशालीनं मिटले नव्हते. ती आमच्यातल्या एकेकाकडे शांतपणे बघत होती. तिची नजर माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी घाईघाईनं डोळे मिटून घेतले.