पाटसला पडलेला दात

शिरूरच्या एसटी स्टँडमागे दातांचा एक दवाखाना आहे. त्याच्या जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. खिडकी नाही, दाराला आतून जाड काळा पडदा. दवाखाना डॉक्टर अनुपमा मॅडमचा असेल, पण या खोलीत सत्ता कुशाबाईंची. मॅडमसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत शिरत नाहीत. एकदा शिरल्या होत्या. त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या दाढेचा फोटो काळाठिक्कर पडला आणि कुशाबाईंनी मॅडमना दुपारचा चहा दिला नाही.

कुशाबाई निमोण्याच्या. दवाखान्यात आल्या त्या झाडू-फरशीला. पण एकदा मॅडम एक्स-रे धूत असताना त्यांनी आत डोकावून पाहिलं, आणि कोऱ्या फिल्मवर हळूहळू दाढ उमटताना बघून बाई तिथंच खिळल्या. त्यांच्या लेखी ही जादूच होती, आणि ती आपल्या हातानं करायची म्हणून त्या हटून बसल्या. मग मॅडमनी शिकवलं. लाल दिव्यात पाकीट फोडायचं, फिल्म चिमट्यात धरायची, आधी डाव्या टाकीत, मग साध्या पाण्यात, मग उजव्या टाकीत. त्या औषधांना इंग्रजी नावं आहेत. कुशाबाई मात्र डाव्या टाकीतल्या औषधाला ‘उठवणारं’ म्हणतात आणि उजव्यातल्याला ‘बसवणारं’. पहिलं चित्र उठवतं, दुसरं ते पक्कं बसवतं. उन्हाळ्यात उठवणाऱ्या टाकीभोवती त्या ओलं गोणपाट गुंडाळतात, कारण औषध तापलं की फोटो धुरकटतो.

“फोटू म्हंजी चुलीवरलं दूध हाय,” असं त्यांचं म्हणणं. “नजर हलली की गेलंच.”

आता बऱ्याच दवाखान्यांत फोटो थेट संगणकावर दिसतो. मॅडमकडेही तसलं यंत्र विकायला लोक येतात. मॅडम त्यांना कुशाबाईंच्या हातचे फोटो दाखवतात, चहा पाजतात आणि वाटेला लावतात.

तर अशी ही बाई. अर्ध्या तालुक्याच्या दाढांची मुळं तिनं पाहिलेली, पण स्वतःच्या नातीच्या एका दाताचा फोटो काढायची तिची छाती होत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नातीचं नाव ईश्वरी. तिचे पुढचे दोन्ही दुधाचे दात पडले. एक नवा आला, चांगला फावड्याएवढा. दुसऱ्याचा मात्र वर्ष उलटलं तरी पत्ता नाही. आमच्याकडे दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून घरावर फेकतात, म्हणजे नवा लवकर येतो. पण हा दात पडला पाटसला, मावशीच्या घरी, ऊस खाताना. पोरीनं चोथा थुंकला आणि त्याबरोबर दातही गेला. कारखान्याच्या गावात उसाच्या चोथ्यात दात कुठं शोधणार?

कुशाबाईंची थोरली नणंद दगडाबाई. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल तिच्याकडे तयार असतो. तिनं भर अंगणात सांगून टाकलं, “दात पाटसला पडला, आता तो पाटसलाच उगवंल. हितं निमुण्यात कसा यील?”

सगळे खो खो हसले. ईश्वरीही हसली, पण तोंडावर हात धरून. तो हात तेव्हापासून तिथंच राहिला. पोरगी आधी एवढी खिदळायची की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकायची. आता हसू आलं की आधी हात वर जायचा. कुशाबाईंना ते बघवत नसे. आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती दगडाबाईला ठाऊक नव्हती. एखाद्या पोराच्या हिरडीत दात मुळातच नसतो. असे फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं धुतले होते. आपल्या ईश्वरीचा तसलाच निघाला तर? म्हणून त्या आज-उद्या करत राहिल्या. शेवटी मॅडमनीच दम भरला, “दसरा झाला की नातीला घेऊन यायचं. नाहीतर मीच मशीन घेऊन निमोण्याला येईन.”

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापली हत्यारं पुजायची. कुणी विळा-कोयता पुजतं, कुणी ट्रॅक्टर. कुशाबाईंनी आपल्या दोन टाक्या बाहेर काढल्या, पुसून लखलखीत केल्या, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मग टाक्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि धूपही आतच लावला. त्या बिनखिडकीच्या खोलीत धूप असा कोंडला की देवालाही ठसका लागावा.

दसऱ्याला दवाखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी कुशाबाई ईश्वरीला घेऊन निघाल्या. दगडाबाई न बोलावता एसटीत बसली. मॅडमना आपट्याचं सोनं द्यायचं हे निमित्त. खरं म्हणजे आपला निकाल बरोबर ठरताना तिला बघायचा होता.

मॅडमनी ईश्वरीच्या तोंडात फिल्म धरून फोटो घेतला. पाकीट घेऊन कुशाबाई खोलीत शिरल्या. लाल दिवा लावला, पाकीट फोडलं, हात सवयीनं डाव्या टाकीकडे गेला. एरवी त्या फिल्मवरची नजर हलवत नाहीत. आज त्यांनी डोळे गच्च मिटले.

“बिरोबा, एवढा एक दात दे रं बाबा. पुन्हा काय मागनार न्हाई.”

फिल्म पाण्यातून काढून उजव्या टाकीत घातली, तरी डोळे मिटलेलेच. शेवटी धीर करून बघितलं. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. दात नव्हता.

पडदा सारून कुशाबाई बाहेर आल्या आणि मॅडमच्या हातात फिल्म देताना त्यांना रडू आवरेना. “म्याडम, न्हाई वो. दातच न्हाई पोरीला.”

“मी काय म्हनत हुते?” बाकावरून दगडाबाई कडाडली. “पाटसला हाय त्यो!”

ईश्वरीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

मॅडमनी फिल्म उजेडात धरली. बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली. “कुशाबाई, हा दात नाही म्हणता, मान्य. पण शेजारचा कुठं गेला? तो तर तोंडात दिसतोय की! आणि जबडा? जबडाही पाटसला राहिला का?”

कुशाबाईंनी डोळे पुसले. फिल्मवर खरंच काही म्हणजे काही नव्हतं.

“टाक्या कुठं ठेवल्यात पूजेनंतर?” मॅडमनी विचारलं.

कुशाबाई तशाच आत धावल्या. डाव्या टाकीचं झाकण बाहेर आणून हुंगलं. आंबूस वास! म्हणजे डावीकडे बसवणारं होतं. चित्र उठायच्या आधीच पुसून गेलं होतं. एरवी नाकानं कळलं असतं, पण आत परवाचा धूप अजून कोंडलेला, नाकात दुसरं काही शिरतच नव्हतं.

“आगं बया, पूजा करून मीच देव उलटं बसवलं!” त्या म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

त्यांनी टाक्या जागच्या जागी ठेवल्या, उठवणारं औषध नवं कालवलं. मॅडमनी दुसरा फोटो घेतला. या वेळी कुशाबाईंनी डोळे मिटले नाहीत. लाल उजेडात आधी शेजारचा दात उमटला. मग हिरडीच्या आत, वरच्या अंगाला, एक पुसट कड दिसली. ती ठळक झाली, रुंद झाली. दात! अख्खा, भरदार, खाली यायला निघालेला. फोटो पुरता पक्का होईपर्यंत बाई कशाबशा थांबल्या आणि मग ओली फिल्म चिमट्यात धरून ओरडतच बाहेर आल्या.

मॅडमनी फोटो नीट पाहिला. “सरळ येतोय. हिरडी जाड आहे म्हणून अडलाय. आलाच नाही तर बारीकशी चीर देऊ. काळजी सोडा.”

कुशाबाईंनी फिल्म दगडाबाईच्या डोळ्यांसमोर धरली. “बघा वन्सं. ह्यो काय हाय?”

दगडाबाईनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं.

“हां,” ती म्हणाली. “म्हंजी पाटसवरनं निघाला म्हनायचा!”

ईश्वरी अशी खदखदून हसली की बाहेर बसलेले पेशंट दचकले. तिचे दोन्ही हात आज्जीच्या गळ्यात होते.