ऊर्मिलामावशीची वटवाघळं

जर्मनीतल्या आमच्या आखन शहराच्या गणपतीत मोदक ऊर्मिलामावशीचेच. एरवी ती प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सुट्टी लागली की इंडोनेशियाच्या एका बेटावर, जंगलातल्या गुहेत राहणारी वटवाघळं बघायला जाते. त्या जातीबद्दल पुस्तकांतही जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्या वर्षी सिमेंटसाठी त्या गुहेचा डोंगरच फोडायला घेतला होता. म्हणून २००६ च्या गणपतीत तिनं फोटो दाखवायला दहा मिनिटं मागितली.

मंडळाचे राजाभाऊ घसा खाकरून नाकातून म्हणाले, "आल्झो, तर मग ऊर्मिलाताई, शुभकार्यात वटवाघूळ? अपशकुन हो!"

मावशी भडकली. "अहो, बाप्पाच्या पायाशी बसलेल्या उंदराला तुम्ही हळदकुंकू लावता! याला पंख आहेत, एवढाच गुन्हा? तिकडे त्याचं घर फोडतायत, तो शकुन चांगला का?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तिची मुलगी शमिका ओरडली.

"आरतीनंतर बघू," राजाभाऊ म्हणाले.

"बघू नाही. मोदक गाडीत आहेत आणि किल्ली माझ्याकडे. आधी वटवाघूळ, मग मोदक."

आरती झाली, चादरीच्या पडद्यावर गुहा दिसली. राजाभाऊ पहिल्याच रांगेत. "आल्झो, चेहरा गोड आहे हो," ते पुटपुटले. मावशीनं तरीही शेवटचा फोटो संपल्यावरच किल्ली काढली.