तिसरं पाणी

मार्गिलान शहराच्या बाजारात खोसियत रोज सकाळी मेंढ्यांचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, धुवायला बसायची, आणि पहिला गुर्दा हातात घेण्याआधी न चुकता तोंड वाकडं करायची. एकोणतीस वर्षं. वरची पातळ साल सोलायची, उभा चिरायचा, आतली पांढरी गाठ कुत्र्याला टाकायची. मग तीन पाणी. पहिलं लालसर, दुसरं पिवळट, दोन्हींना मुताचा वास. तिसरं ती ओंजळीत घेऊन हुंगायची, तेव्हा कुठे माल कबाबवाल्याकडे जायचा. स्वतः तिने कधी तुकडा चाखला नाही. "मेंढीची मोरी आहे ती," म्हणायची. "लोक बोटं चाटतात. चाटू देत."

सून दिलनवाज हिला त्या हातांची किळस यायची. पहिलं वर्षभर ती सासूने मोडून दिलेली रोटी ओढणीत लपवून कोंबड्यांना घालत असे.

मग खोसियतचे पाय सुजले, चेहरा सुजला. तोंडाला असा दर्प येऊ लागला, की चहा देताना दिलनवाज श्वास कोंडून धरी.

"नाक कशाला दाबतेस?" सासू एकदा म्हणाली. "ओळखलाय मी तो वास. पहिलं पाणी."

दवाखान्यात कळलं, दोन्ही गुर्दे गेले. आता आठवड्यातून तीनदा रक्त गाळायचं यंत्र, नाहीतर फार तर पंधरा दिवस. दाराजवळच्या खाटेवरच्या माणसाच्या हातातून निघालेली लाल नळी बघून खोसियत दारातच ओकली.

"रक्त बाहेर काढून तेच परत आत? शी! त्यापेक्षा मेलेली बरी. चल घरी."

दिलनवाज हलली नाही. नवरा रशियात मजुरीला. घरात भांडायला ही एकच बाई होती. "आई, निदान ऐकून तरी घ्या."

नर्स म्हणाली, "मावशी, यंत्राला लावलेल्या त्या नळकांड्यात केसाएवढे पोकळ धागे आहेत. आतून रक्त, बाहेरून पाणी. घाण पाण्यात झिरपते, रक्त आत राहतं. तुमचे गुर्देही रक्त असंच गाळत होते, रोज शेकडो वेळा."

खोसियतने रुमालाने तोंड पुसलं. "पाणी कितीदा बदलता?"

"बदलायचं काय? चारही तास नवंच वाहतं."

"आणि वापरलेलं?"

"गटारात."

खोसियत सुनेकडे वळली. "ऐकलंस? एवढी स्वच्छता तुझ्या माहेरी तरी आहे का?" आणि तोंड वाकडं करून ती खाटेवर बसली.

अशी साडेतीन वर्षं निघाली. गुर्दे आता दिलनवाज धुवायची, आधी तोंड वाकडं करून. खोसियत शेजारी बसून डॉक्टरांनी नेमून दिलेला दिवसाचा दोन पेले चहा घोट घोट पुरवून प्यायची. जर्दाळूच्या दिवसांत एका मंगळवारी तिला यंत्रावर न्यायला गाडी आली. त्या दुपारी यंत्रावरच तिचं हृदय थांबलं. पण सकाळी, गाडीकडे जाताना, ती सुनेच्या घमेल्यापाशी थबकली होती, तिने वाकून पाणी हुंगलं होतं.

"दुसरंच पाणी आहे हे, तिसरं नाही. मला काय नाक नाही? ओतून दे ते."